बाथचं रोमन स्नानगृह: त्यातलं रोमन किती आणि नंतरचं किती?

प्रश्न असा आहे: "लेकीकडे ब्रिस्टलला गेलो असताना जवळच्या बाथ गावी जाऊन तिथलं रोमन स्नानगृह पाहिलं. हिरवं पाणी, भोवती खांब, वर रोमन सम्राटांचे पुतळे. दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून भारावून फोटो काढले. परतताना जावई म्हणाले की ते खांब आणि पुतळे राणी व्हिक्टोरियाच्या काळातले आहेत. मग आम्ही पाहिलं त्यातलं खरं काय? शेजारचा पंप रूम (ते पाणी प्यायला देतात ते दालन) कधीचा? आणि हिच्या सांधेदुखीला त्या पाण्याचा उपयोग झाला असता का?"

जावई बरोबर बोलले. मोठ्या तलावाभोवतीचे खांब, त्यांच्यावरची गच्ची आणि गच्चीच्या कठड्यावर उभे असलेले सम्राट हे सगळं १८९० च्या दशकातलं आहे. पण म्हणून तुमची फसवणूक झाली असं समजू नका. तुम्ही पाहिलेला तलाव, त्याच्या चारही बाजूंच्या पायऱ्या, तळाला अंथरलेलं शिसं, कडेची झिजलेली फरशी आणि खांबांचे तळखडे हे रोमन आहेत. ढोबळ खूण लक्षात ठेवा: तळखड्यापर्यंत रोमन, त्याच्या वर सगळं नंतरचं. तुमचे फोटो पुन्हा उघडा आणि खांबाच्या बुंध्याकडे बघा. खालचा दगड खडबडीत, कोपरे झिजलेले, रंग गढूळ. त्याच्यावर एका रेषेपासून दगड एकदम सफाईदार होतो. सतराशे-अठराशे वर्षांचं अंतर त्या एका सांध्यात आहे.

मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करतो, याला आता तीस वर्षं होत आली. शिकायला इंग्लंडमध्ये होतो तेव्हा आमच्या शिक्षकांनी आम्हाला बाथला नेलं आणि पहिला तासभर वर बघायची मनाई केली. "पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठून जातं, एवढंच शोधा," असं त्यांनी सांगितलं. ती शिस्त मला पुढे आपल्याकडच्या बारवा आणि कुंडांवर काम करताना फार उपयोगी पडली. बाथची इमारत कळायला दुसरी चांगली वाट मला माहीत नाही, म्हणून तुम्हालाही त्याच वाटेने नेतो.

झरा तिथे आधीपासून आहे. दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी, म्हणजे सेकंदाला तेरा-साडेतेरा लिटर, आणि तापमान ४६ अंश सेल्सिअस. जवळपास ज्वालामुखी वगैरे काही नाही. मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडकातून खाली मुरत दोन-तीन किलोमीटरपेक्षा खोल जातो, तिथे भूगर्भाच्या उष्णतेने तापतो आणि खडकातल्या भेगांमधून दाबाने पुन्हा वर येतो. या प्रवासाला हजारो वर्षं लागतात. आपल्या कोकणातले तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरी-गणेशपुरीचे झरेही असेच खोल मुरून तापलेल्या पावसाच्या पाण्याचे आहेत, फक्त खडक वेगळा. बाथच्या झऱ्यात जे बुडबुडे दिसतात ते उकळीचे नाहीत, पाण्याबरोबर वर येणाऱ्या वायूचे आहेत. पाण्यात लोह आहे, म्हणून ते जिथून वाहतं तिथे दगड नारिंगी होतो.

आता बांधणाऱ्याच्या जागी उभे राहा. चिखलाने भरलेला खोलगट भाग, त्यात मधोमध गरम पाणी उसळतंय, आणि तिथे तुम्हाला देऊळ आणि स्नानगृह उभारायचं आहे. पाया कशावर घ्यायचा?

रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं ते इसवी सन ४३ मध्ये. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत, साधारण ६० ते ७० च्या दरम्यान, बाथमध्ये काम सुरू झालं. त्यांनी झऱ्याभोवतीच्या चिखलात ओकच्या लाकडाचे खुंट ठोकून जमीन घट्ट केली. मग झऱ्याला वेढा घालणारा, वेडावाकड्या आकाराचा दगडी हौद बांधला आणि त्याला आतून जाड शिशाच्या पत्र्याचं अस्तर दिलं. हौदाचा तळ मात्र मोकळा ठेवला. पाणी ज्या तोंडातून येतं त्या तोंडाला त्यांनी हात लावला नाही, भोवती फक्त भिंत घातली. भिंतीमुळे पाण्याची पातळी वर चढली आणि तेवढ्या उंचीच्या जोरावर पाणी स्वतःच्या उताराने स्नानगृहात वाहू लागलं. रहाट नाही, मोट नाही, चाक नाही.

हा मुद्दा मी इतका ताणतोय त्याला कारण आहे. कोकणातल्या एका गावी गरम पाण्याच्या कुंडाच्या दुरुस्तीत तळाला सिमेंट काँक्रीट ओतलं गेलं होतं. तळ स्वच्छ, सपाट दिसावा एवढाच हेतू होता, वाईट काही नव्हता. पण खालून दाबाने येणाऱ्या पाण्याला तुम्ही झाकण लावलं की ते दुसरी वाट काढतं. दोन पावसाळ्यांनंतर गरम पाणी कुंडापासून दहा-बारा पावलांवर पायवाटेच्या भेगेतून येऊ लागलं आणि कुंड नुसतं कोमट राहिलं. मला बोलावलं तोवर उशीर झाला होता. काँक्रीट फोडून काढलं, पण पहिल्यासारखा जोर परत आला नाही. त्या दिवशी मला बाथच्या त्या वाकड्या हौदाची फार आठवण झाली.

हौदाला सांडवा आणि मोरी अशा दोन्ही सोयी होत्या. झऱ्याबरोबर बारीक वाळू वर येते आणि हौदात साठते. ती काढायला तळाशी झडप ठेवलेली होती. झडप उघडली की साठलेलं पाणी वेगाने बाहेर पडताना गाळ घेऊन जायचं. जास्तीचं पाणी वरच्या सांडव्यातून एका कमानीखाली पडतं आणि मोठ्या दगडी बोगद्यातून एव्हन नदीकडे जातं. हा बोगदा माणूस आत शिरून साफ करू शकेल एवढा मोठा आहे, आणि आजही पाणी त्याच वाटेने जातं. संग्रहालयात फिरताना एका कोपऱ्यात अंधारात वाफाळतं पाणी नारिंगी दगडांवरून पडताना दिसलं असेल. बहुतेक लोक तिथून दहा सेकंदांत पुढे जातात. माझ्या मते संपूर्ण इमारतीतला सर्वांत मोलाचा भाग तो आहे, कारण तो अजून नेमून दिलेलं काम करतोय. देऊळ पडलं, छत पडलं, राज्यं गेली आणि गटार चालू राहिलं.

या हौदाशेजारीच देऊळ होतं. तिथल्या मूळच्या लोकांची झऱ्याची देवता सुलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं आणि सुलिस मिनर्व्हा असं जोडनाव केलं. गावाला नावही तिचंच दिलं, आक्वे सुलिस, सुलिसचं पाणी. ग्रामदेवतेला पुराणातल्या देवतेचं रूप मानून पूजा चालू ठेवायची, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. झऱ्यात लोक नाणी टाकत, बारा हजारांहून जास्त नाणी सापडली आहेत. आणि शिसं-कथलाच्या पातळ पत्र्यांवर गाऱ्हाणी कोरून टाकत. असे सुमारे १३० पत्रे मिळाले. बहुतेक चोरीची तक्रार आहे. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर तो देवीला सांगतो की चोराची बुद्धी आणि डोळे जावोत. वास्तूच्या दृष्टीने यात महत्त्वाचं हे की स्नानगृहात शिरणाऱ्या माणसाला झरा दिसावा म्हणून मधल्या भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवल्या होत्या. पुढे दुसऱ्या शतकाच्या सुमारास या हौदावर कमानी छत घातलं आणि झरा अंधाऱ्या गाभाऱ्यासारखा झाला. उघड्यावरचा झरा आणि वाफेने भरलेल्या अंधारात खिडकीतून दिसणारा झरा, यात केवढा फरक पडला असेल!

आता मोठा तलाव. खोली १.६ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या हनुवटीच्या आसपास पाणी. तळाला शिशाचे ४५ पत्रे जोडून बसवलेले आहेत. शिसं मेंडिपच्या खाणींतलं, म्हणजे पाणीही तिथलं आणि शिसंही तिथलं. पत्रे अजून जागेवर आहेत आणि पाणी धरून आहेत. गच्चीवर डांबरी थर देऊन चार वर्षांत पुन्हा गळती शोधणाऱ्या आपल्या पिढीने त्या तळाला हात जोडावेत असं मला मनापासून वाटतं. गरम पाणी ज्या कोपऱ्यातून आत येतं तिथे एक सपाट आडवा दगड आहे. काठाच्या फरशीत शिशाचा एक नळही उघडा दिसतो. तलावाभोवती भिंतीत कोनाडे आहेत, त्यात बसून लोक गप्पा मारत असत.

आणि छत? तुम्ही मोकळ्या आभाळाखाली फोटो काढलेत, पण रोमन काळात तिथे आभाळ दिसत नव्हतं. सुरुवातीला बारा साध्या खांबांवर लाकडी छप्पर होतं. खाली अहोरात्र ४६ अंशांचं पाणी, वर लाकूड. त्या वाफेत लाकूड किती टिकणार? म्हणून दुसऱ्या शतकात लाकूड उतरवून पक्कं कमानी छत घातलं. पण कमानीचं ओझं लाकडापेक्षा कितीतरी जास्त, शिवाय ती भिंतींना बाहेर ढकलते. याला त्यांनी दोन उपाय केले. एक, छत भरीव दगडाचं न करता भाजलेल्या मातीच्या पोकळ पेट्या चुन्यात बसवून हलकं केलं. त्या छताचा पडलेला एक तुकडा तलावाच्या काठाशीच ठेवला आहे. त्याच्या कडेला बघितलंत तर पेट्यांची पोकळ तोंडं दिसतील, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. दुसरा उपाय म्हणजे खांबांना पुढून आणि मागून नवा दगड जोडून ते जाड केले. ही जोड तळखड्यांत आजही दिसते, मूळचा खांब मधे आणि त्याला दोन्हीकडून चिकटलेले नवे दगड. एखादी इमारत बांधणाऱ्यांनीच शंभर वर्षांनी तिच्यावर केलेली दुरुस्ती इतकी स्पष्ट क्वचितच वाचता येते. आमच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो.

छत होतं तेव्हा पाणी हिरवंही नव्हतं. ऊन लागल्यामुळे शेवाळ धरतं, म्हणून तो रंग. झऱ्यातून येणारं पाणी स्वच्छ असतं. "परत छत घाला" असं सुचवणारे अधूनमधून भेटतात. मला ते पटत नाही. मूळ छताची उंची, खिडक्या, आतला गिलावा यांबद्दल अंदाजच करावे लागतील, आणि खालच्या रोमन तळखड्यांवर आणखी ओझं येईल. काठावरचा तो तुकडा आणि आपली कल्पना एवढ्यावर काम भागतं.

पूर्वेला आणि पश्चिमेला गरम खोल्या होत्या. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ४६ अंशांचं पाणी अंगाला चटका देईल एवढं गरम असलं तरी त्याने खोली घाम काढण्याइतकी तापत नाही. म्हणून झरा असूनही भट्ट्या होत्या. विटांच्या छोट्या थप्प्यांवर फरशी अधांतरी ठेवायची, खालून भट्टीची ऊन हवा खेळवायची आणि तीच हवा भिंतींतल्या पोकळ कौलांतून वर न्यायची. त्या विटांच्या थप्प्यांच्या रांगा तुम्ही नक्की पाहिल्या असतील. पश्चिमेकडे गार पाण्याचा गोल हौद आहे.

रोमन सत्ता पाचव्या शतकात संपली. गाळ काढायला कोणी राहिलं नाही, मोरी तुंबली, पाण्याने जागा पुन्हा दलदल केली. झऱ्यावरचं कमानी छत सहाव्या-सातव्या शतकात कधीतरी हौदात कोसळलं आणि त्याच्या खाली ते पत्रे, ती नाणी गाडली जाऊन सुरक्षित राहिली. मधली काही शतकं मी भरकन सोडतो. बाराव्या शतकात रोमन हौदाच्या भिंतींवरच पाया धरून 'किंग्ज बाथ' नावाचं कुंड बांधलं गेलं. त्या लोकांना खाली काय आहे याची कल्पना नव्हती, पण भिंत भक्कम लागली म्हणून त्यांनी ती वापरली. सतराव्या शतकात बरे झालेल्या भाविक रुग्णांनी कृतज्ञतेने दिलेल्या पितळी कड्या तिथे भिंतीत आहेत, पाण्यात धरून उभं राहायला. भिंतीवर आडवी नारिंगी रेषा दिसते, ती जुन्या पाणीपातळीची.

इथे तुमच्या पंप रूमची गोष्ट सुरू होते आणि ती वैद्यांमुळे सुरू होते. सतराव्या शतकाच्या अखेरीला डॉक्टर सांगू लागले की या पाण्यात नुसतं बसू नका, ते प्या. पण ज्या कुंडात दिवसभर रोगी बसतात त्यातलं पाणी कोण पिणार? म्हणून झऱ्याच्या तोंडातून थेट पाणी उपसणारा पंप आला, आणि पंपाजवळ पाणी पिणाऱ्यांना उभं राहायला खोली आली. नाव तिथून पडलं. पहिला पंप रूम १७०६ चा. राणी ॲन त्याआधी दोनदा येऊन गेली होती, बो नॅश हा समारंभप्रमुख गावाची रीतभात ठरवत होता, आणि आजारी माणसांइतकेच धडधाकट लोकही लग्न जमवायला, पत्ते खेळायला, चार माणसांत दिसायला येऊ लागले. खोली अपुरी पडली. १७५१ मध्ये वाढवली, तरीही पुरेना.

सध्याची वास्तू १७८९ मध्ये थॉमस बाल्डविनने सुरू केली. तो गावाचा नेमलेला वास्तुरचनाकार होता. १७९१ मध्ये त्याला काम सोडावं लागलं, पुढे त्याचं दिवाळं निघालं आणि जॉन पामरने शतक संपायच्या आत इमारत पुरी केली. आतली खोली मला फार आवडते. भिंतींना लागून दोन मजल्यांच्या उंचीचे, पाऊण भाग बाहेर आलेले कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले खांब. दोन्ही टोकांना अर्धवर्तुळाकार खोबण, एका बाजूला वादकांची जागा, दुसऱ्या बाजूला नॅशचा पुतळा आणि घड्याळजी टॉम्पियनने १७०९ मध्ये दिलेलं उंच घड्याळ. दक्षिणेच्या मधल्या खिडकीशी पाण्याचा झोत, आणि त्याच खिडकीतून खाली किंग्ज बाथ दिसतं. म्हणजे पिणाऱ्याला पाण्याचा उगम दिसत राहावा. रोमन लोकांनी झऱ्याकडे उघडलेल्या खिडक्या आणि बाल्डविनची ही खिडकी यांच्यात सतराशे वर्षांचं अंतर आहे, आणि बाल्डविनला त्या पहिल्या खिडक्यांचा पत्ताही नव्हता. बाहेर दर्शनी त्रिकोणाखाली (खांबांच्या वरचा तिकोनी भाग) ग्रीक अक्षरांत पिंडर या कवीची ओळ कोरली आहे, पाणी सर्वांत श्रेष्ठ, अशा अर्थाची.

या पायाच्या खोदाईतच १७९० मध्ये रोमन देवळाच्या दर्शनी त्रिकोणाचे दगड निघाले. मधोमध मिशाळ, रोखून बघणारा, केसांत साप असलेला चेहरा. ग्रीक पुराणातली सापांच्या केसांची गॉर्गन म्हणावी तर ती बाई, आणि हा तर पुरुष. जलदेवता असावी असंही अभ्यासक म्हणतात. मला वाटतं स्थानिक पाथरवटाने रोमन नमुना आपल्या हाताच्या वळणाने कोरला, आणि म्हणूनच तो इतका जिवंत आहे. जमीन त्याआधीही इशारे देत होती. १७२७ मध्ये स्टॉल स्ट्रीटवर गटार खणताना मिनर्व्हाचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्य मस्तक निघालं होतं. १७५५ मध्ये नवं स्नानगृह बांधताना पूर्वेकडच्या रोमन खोल्या लागल्या होत्या. आणि १७२७ मध्येच वास्तुरचनाकार जॉन वुड थोरला बाथला परतून गावाला रोमन नगरासारखं रूप देण्याचे नकाशे रेखत होता. चौक, वर्तुळाकार घरं, पुढे त्याच्या मुलाने १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेला अर्धचंद्राकार रॉयल क्रेसेंट हे सगळं त्या ध्यासातून आलं. ज्या रोमचं स्वप्न तो पाहत होता ती त्याच्या पायाखाली काही मीटरवर होती.

दगडाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. संपूर्ण गावाचा तो मधासारखा रंग बाथच्याच चुनखडकाचा. राल्फ ॲलनच्या कूम डाऊनच्या खाणींतून अठराव्या शतकात तो बेसुमार निघाला. खाणीतून ओला काढला की करवतीने कापता येतो, कुठल्याही दिशेने तासता येतो, आणि हवा लागली की वरून घट्ट होतो. कोकणातल्या माणसाला यात नवल नाही, आपला जांभाही असाच. म्हणून जांभ्याची चूक तिथेही होते: सांध्यात सिमेंट भरलं की दगडातली ओल सांध्यातून निघू शकत नाही, ती दगडाच्या तोंडातून निघते आणि तोंडच पापुद्र्यांनी सुटतं. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असावा, झिजायचं ते त्याने झिजावं. कोळशाच्या काजळीने हा दगड काळा पडला होता, आणि त्याची सफाई सावकाश, पाण्याच्या बारीक फवाऱ्याने करणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. वाळूचा मारा केला असता तर कोरीवकाम राहिलं नसतं.

मोठा तलाव उघडा झाला तो मेजर चार्ल्स डेव्हिसमुळे. हा गावाचा सर्वेक्षक. १८७८ मध्ये किंग्ज बाथची गळती शोधताना तो खाली खणत गेला आणि रोमन हौदापर्यंत, मग बोगद्यापर्यंत पोहोचला. १८८० नंतर वरची घरं विकत घेऊन, पाडून मोठा तलाव मोकळा केला गेला. त्याचं ऋण मोठं आहे. पण त्यानेच शेजारी नवी उपचार-स्नानगृहं बांधताना रोमन अवशेषांवर बांधकाम चढवलं, आणि त्या काळच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याला धारेवर धरलं. ते योग्यच होतं असं मी म्हणेन. पुढचं काम वास्तुरचनाकार जॉन मॅकीन ब्रायडनला मिळालं. त्याने तलावाभोवतीची खांबांची ओवरी, वरची गच्ची आणि घुमटाचा संगीत-सभागृह केला. १८९७ मध्ये ते खुलं झालं. आज तुम्ही तिकीट काढता तो घुमट म्हणजे हा सभागृह. गच्चीवरचे सम्राट आणि ब्रिटनचे रोमन सुभेदार १८९४ मध्ये जॉर्ज अँडरसन लॉसनने कोरले.

ब्रायडनच्या कामाला 'नकली' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने रोमन छत पुन्हा उभं केल्याचा आव आणला नाही. आपल्या देवळांभोवती ओवऱ्या असतात तशी ओवरी घातली, रोमन तळखड्यांची जागा धरून ठेवली, आणि जमिनीपासून कितीतरी खाली गेलेल्या तलावाला रस्त्याच्या पातळीवरून बघायची सोय केली. पुतळे मात्र मला गरजेपेक्षा जास्त वाटतात. ते फोटोत इतके पुढे येतात की खालची खरी गोष्ट झाकली जाते. तुमच्या बाबतीत तेच झालं.

१९७८ मध्ये एका मुलीला या पाण्यातल्या अमीबाचा संसर्ग होऊन मेंदूज्वर झाला आणि ती दगावली. तेव्हापासून रोमन तलावात उतरणं बंद आहे. म्हणूनच हात घालू नका अशा पाट्या आहेत, त्या मनावर घ्यायच्याच. पुढची दोन वर्षं पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या देखरेखीखाली झऱ्याचं उत्खनन झालं. किंग्ज बाथचा तळ काढून रोमन हौद तपासला गेला आणि गाऱ्हाण्यांचे ते पत्रे मुख्यतः तेव्हा वर आले. नंतर थेट खोल खडकात तिरपं छिद्र घेऊन वरच्या गाळाला न शिवलेलं स्वच्छ पाणी आणलं. पंप रूममध्ये ग्लासातून मिळतं ते हे पाणी. कोमट, जड, थोडी लोखंडाची चव.

सांधेदुखीबद्दल. गावात १७३८ मध्ये रुग्णालय निघालं ते खास या पाण्याच्या उपचारासाठी, आणि पुढे ते संधिवाताचं नामांकित रुग्णालय झालं. त्या काळी सर्वांत जास्त गुण यायचा तो शिशाची बाधा होऊन हातपाय लुळे पडलेल्यांना. दारूतून, रंगकामातून, नळकामातून शिसं पोटात जायचं. मानेपर्यंत कोमट पाण्यात बराच वेळ बसलं की लघवी वाढते आणि तिच्यावाटे शिसं बाहेर पडतं, हे अलीकडच्या काळात तपासून पाहिलं गेलं आहे. म्हणजे गुण खरा होता, पण तो मुख्यतः पाण्यात बसण्याचा होता, पिण्याचा नव्हे. वहिनींच्या सांध्यांना कोमट पाण्यात हालचाल केल्याने आराम पडू शकतो, कारण पाण्यात अंगाचा भार कमी होतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पुढच्या खेपेला या पाण्यात बसायचं असेल तर दोनशे पावलांवर थर्मे बाथ स्पा आहे. निकोलस ग्रिमशॉ यांच्या संस्थेने आखलेली काच आणि बाथच्या दगडाची इमारत, २००६ मध्ये सुरू झालेली, गच्चीवर तलाव असलेली. पाणी बाथच्याच गरम झऱ्यांचं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दिवस मावळताना जा, शक्यतो हिवाळ्यात. थंडीत पाण्यावर दाट वाफ धरते आणि गच्चीवरचे पुतळे दिसेनासे होतात. आधी तळखड्यांमधली ती जोड शोधा, मग काठावरचा पोकळ पेट्यांचा तुकडा, मग सांडव्याची कमान. आणि बाहेर पडल्यावर शेजारच्या ॲबीमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चमध्ये जा. तिथली फरशी पायाला उबदार लागेल. रोमन गटारातून नदीकडे वाया जाणाऱ्या पाण्याची उष्णता आता नळ्यांवाटे त्या फरशीखाली खेळवली आहे.